पॉलिश केलेला नॉटिलस घेताना: लेबलवरच्या नावाचे पैसे देऊ नका

तळहाताएवढा, आरशासारखा चकचकीत नॉटिलस, म्हणजे आत कप्पे असलेल्या समुद्री शंखाचा जीवाश्म. लेबल होतं ‘युट्रेफोसेरास डिकेयी, उत्तर अमेरिका’, आणि नेहमीच्या मादागास्करी मालाच्या चौपट भाव. निघाला मात्र मादागास्करच्या महाजंगा भागातला सायमॅटोसेरासच, म्हणजे नॉटिलसचाच दुसरा प्रकार. दोन्ही क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातल्या, समुद्रातले हे खरं, पण डिकेयी साधारण 7 कोटी वर्षांपूर्वीचा, तर महाजंगाचा माल त्याच कालखंडाच्या अल्बियन टप्प्यातला, जवळपास 11 कोटी वर्षांचा.

ही लबाडी चालते कशी, ते नीट समजून घ्या. सायमॅटोसेरासच्या कवचावर कंगोरे असतात आणि बाहेरच्या वळणावर ते मागे वळतात. युट्रेफोसेरास गोलसर, गुळगुळीत. पॉलिशच्या चाकावर कंगोरे घासून गेले की पहिला दुसऱ्यासारखा दिसू लागतो. पॉलिश करणं हा गुन्हा नव्हे. पण ओळख पटवणारी खूणच घासून टाकायची आणि वर जातीचं नाव डकवायचं, ही शुद्ध फसवणूक आहे.

चाक नाभीच्या, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या, खळग्यात पोचत नाही. तिथे टॉर्च तिरका धरून दहापट भिंगातून पाहा. या नमुन्यात नाभीच्या कडेला आखूड कंगोरे ओळीने शाबूत होते, नखाला लागत होते. वाढीच्या रेषा केसासारख्या बारीक असतात, त्यांना कंगोरे समजू नका. पडद्यांच्या शिवणरेषा (आतले पडदे कवचाला जुळतात त्या रेषा) युट्रेफोसेरासमध्ये जवळजवळ सरळ, सायमॅटोसेरासमध्ये किंचित नागमोडी. पण फरक इतका थोडा की नुसत्या त्यावर निकाल देऊ नये.

कापलेली जोडी घेताना दोन्ही अर्ध्यांतले कप्पे मोजा. आकडा जुळला नाही तर दोन वेगळे शंख एकत्र केले असण्याची शक्यता आहे. कप्प्यांमधून जाणारी नळी बाहेरच्या कडेला चिकटून असेल तर तो बहुधा अमोनाइट, म्हणजे नॉटिलससारखाच दिसणारा, नामशेष झालेला दुसरा कप्पेदार शंख. तोंडाकडचा भाग अतिनील टॉर्चखाली वेगळा चमकला तर रेझिनची (कृत्रिम राळेची) भर असण्याची शक्यता मोठी.

पैसे देण्याआधी नाभीचा जवळून काढलेला फोटो मागा, जमल्यास पॉलिशपूर्वीचाही. जात, ठिकाण आणि कालखंड बिलावर लिहून घ्या. या व्यवहारात बिलावर फक्त ‘शोभेचा दगड’ एवढंच होतं, आणि त्याच्याच आधारावर विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला.