बेळगावात गाडी भाड्याने घेताय? ‘दिवसाला किती’ नंतर, आधी ओरखड्याचं बोला

गोव्याची सुट्टी, कोल्हापुरातलं लग्न, सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन, नाहीतर सांबऱ्याच्या विमानतळावर उतरलेले पाहुणे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाडीची गरज निघाली की पहिला प्रश्न ‘दिवसाला किती?’ हाच असतो आणि सगळी घासाघीस त्याच आकड्यावर होते. दिवसामागे दोनशे रुपये कमी करून घेतल्याचं समाधान मग गाडी परत देताना दारावरच्या एका पोच्यापायी निघून जातं.

म्हणून इथं भाड्याच्या दरांची तुलना नाही. गाडीला काही लागलं तर तुमचे पैसे कोणाच्या हातात असतील, आणि ‘हे आधीचंच आहे’ याचा पुरावा कोणाकडे असेल, या दोनच गोष्टींवर चार पर्याय तोलले आहेत: ओळखीतल्याची खाजगी गाडी, गावातल्या भाडेवाल्याची सेल्फ-ड्राइव्ह, ॲपवरची गाडी आणि ड्रायव्हरसकट टॅक्सी.

सुरुवात गाडीच्या बोर्डापासून करा. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खाजगी. पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी. काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेली गाडी. इलेक्ट्रिक गाड्यांचे हिरवे बोर्ड सोडले, तर बेळगावची केए-२२ असो, चिक्कोडीची केए-२३ की गोकाकची केए-४९, नियम एकच.

व्हाईट बोर्ड: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात अवघड

गल्लीत कुणाची तरी एर्टिगा आठवडाभर दारात उभीच असते. “आपलीच हाय की, घेऊन जावा,” म्हणून चावी हातात मिळते. करार नाही, डिपॉझिट नाही, फोटो काढायला तर लाजच वाटते. काही लागलं नाही तर यासारखा सोयीचा व्यवहार नाही, हे मान्य.

लागलं तर मात्र दोघंही उघड्यावर पडतात. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि भाड्याने देणं त्यात बसत नाही. त्यामुळे गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला इजा झाली आणि विमा कंपनीला आधी भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा राहतो. मालक ती कोणाकडे मागणार हे सांगायला नको. परमिटशिवाय गाडी भाड्यावर फिरवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-ए खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात चालवणारा व चालवू देणारा दोघेही येतात. गोव्यात व्हाईट बोर्ड गाड्या भाड्याने फिरवण्यावर आरटीओ आणि पोलिसांची नजर असते, तेव्हा केए पासिंगची गाडी घेऊन तिकडे उतरताना हे डोक्यात असू द्या.

“मित्राची गाडी म्हणून सांगूया” हा सल्ला हमखास मिळतो. यूपीआयच्या नोंदीत ‘कार रेंट’ लिहून पैसे पाठवणारेच हा सल्ला देतात! विमा कंपनीला खोटं सांगून केलेला क्लेम नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या एका प्रश्नात कोसळतो.

इथं पुरावा कोणाकडेच नसतो, आणि पैशांपेक्षा मोठी ठेव म्हणजे संबंध. गावातल्या गावात, ओळखीच्या रस्त्यावर, एखाद्या दिवसासाठी घेतली तर घेतली. घाट उतरायला नको.

गावातला भाडेवाला: इथं बोलता येतं, म्हणून इथंच बोलून घ्यायचं

माझं झुकतं माप या पर्यायाला आहे, पण एका अटीवर: बोर्ड काळा हवा. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. त्यामुळे तीन-चार गाड्यांवर ‘सेल्फ-ड्राइव्ह’ची पाटी दिसली की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि विमा कोणत्या वापरासाठी आहे, हे विचारायलाच हवं. आरसी आणि विम्याची मुदत एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून दोन मिनिटांत दिसते.

नंतर डिपॉझिट. यूपीआयने दिलेली रक्कम सगळ्यात बरी, कारण तारीख आणि नाव आपोआप नोंदलं जातं. काहीजण तुमची दुचाकी ठेवून घेतात. तेही चालेल, पण मूळ आरसी आणि मूळ आधार कार्ड देऊ नका. सही केलेला कोरा चेक तर कधीच नको. कोऱ्या चेकवर सही तुमची असेल, तर तो देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा आधी धरून चालतो आणि उलटं सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पाच हजारांच्या बंपरचा वाद त्या चेकवर पन्नास हजारांचा होऊ शकतो.

आता बिल. गाडी परत देताना मालक एकच आकडा सांगतो, पण त्या आकड्यात तीन-चार गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि वाद होतो तो त्या वेगळ्या न केल्यामुळे. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च हा खरा खर्च. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या दराने लावायचा की मालक नेहमी जातो त्या गॅरेजच्या, हे आधी ठरलेलं नसतं. मालक इस्टिमेट सर्व्हिस सेंटरचं दाखवतो आणि काम गॅरेजमध्ये उरकतो. उपाय सोपा: पैसे इस्टिमेटवर नाही, पक्क्या बिलावर द्यायचे. निम्मा झिजलेला टायर फुटला तर नव्या टायरची पूर्ण किंमत मागणंही बरोबर नाही. विमा कंपनीसुद्धा टायर, बॅटरी, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापते. तेच माप तुम्हीही लावा.

खरी मेख ‘गाडी उभी राहिल्याच्या’ भाड्यात असते. बंपरचं काम दोन दिवसांचं, गाडी गॅरेजमध्ये आठ दिवस, आणि आठही दिवसांचं पूर्ण भाडं तुमच्या डिपॉझिटमधून. मालकाचं नुकसान होतं हे नाकारता येत नाही. पण त्या दिवसांत गाडीला गिऱ्हाईक होतंच असं नाही, आणि गॅरेजवाल्याच्या आळसाचं भाडं तुम्ही का भरायचं? चावी घेण्याआधीच ठरवा: निम्मं भाडं, जास्तीत जास्त तीन दिवस, गॅरेजची नोंद दाखवून. गिऱ्हाईक हातात असताना मालक हे ऐकतो. नंतर ऐकत नाही.

“विमा आहे, पण क्लेम करणार नाही, नो क्लेम बोनस जातो,” हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्याचा हिशेब मांडता येतो. ही सूट फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते आणि क्लेमविना गेलेल्या वर्षांगणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. समजा तो हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांवर पोहोचलाय. क्लेम केला तर पुढच्या वर्षी त्याला ६,००० जास्त जातील, मग ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. हप्ता तेवढाच धरला तर एकूण १५,०००. म्हणजे ओरखड्याचं बिल ५,००० असेल तर मालकाचं बरोबर, क्लेम नको. बिल ४०,००० असेल तर मात्र क्लेम करायला लावा आणि बोनसचं नुकसान, विम्यातली सक्तीची वजावट (क्लेममधली मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम), घसारा एवढंच तुमच्याकडून घ्या असं सांगा. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की आवाज खाली येतात.

कायदा काय म्हणतो? भाड्याने घेतलेली वस्तू शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेऊन वापरायची, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. तेवढी काळजी घेतली असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नुकसानीची जबाबदारी येत नाही, हे कलम १५२. पण करारात वेगळं ठरलेलं असतंच, म्हणून तर तो छापतात. त्यातही ‘प्रत्येक ओरखड्याला १०,०००’ असं लिहिलं असलं तरी कलम ७४ नुसार तो आकडा कमाल मर्यादा धरायचा. मिळते ती वाजवी भरपाई. करार कन्नड किंवा इंग्रजीत असला तर वाचून घ्या, आणि दोन्ही प्रतींवर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: ‘मागचा डावा दरवाजा आधीच घासलेला, पुढच्या काचेला उजवीकडे टिकली.’ खाली दोघांच्या सह्या.

व्हिडिओ सगळेच काढतात, पण वरवरचा. आपल्याकडचं नुकसान ठरावीक जागी होतं. ऊस तोडणीच्या दिवसांत निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस गाडीची पूर्ण बाजू ओरबाडतो, म्हणून दोन्ही बाजू तिरप्या उजेडात घ्या. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून आलेली गाडी लाल चिखलाने माखलेली असते. ती तशीच परत दिली की दुसऱ्या दिवशी धुतल्यावर ‘सापडलेला’ ओरखडा तुमचाच. परत देण्याआधी गाडी धुऊन घ्या. वॉशिंगचे पैसे हे इथले सगळ्यात चांगले गुंतवलेले पैसे. चाकांच्या रिम, बंपरची खालची कड, स्टेपनी आणि जॅकही घ्या. व्हिडिओ त्याच जागी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे वेळेची नोंद दोन्ही फोनवर राहते. मूळ फाईल मात्र फोनमधून काढू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत मूळ माहिती उरत नाही.

ॲपवरची गाडी

इथं पुरावा ॲपच्या साच्यात असतो: प्रवास सुरू करताना फोटो, संपवताना फोटो. साच्यात टाकलात तर तुमचा, नाही टाकलात तर नाही. फोटो चढवायला रेंज लागते, त्यामुळे गाडी शहरातच उभी असताना हे उरका. जादा शुल्क भरून नुकसानीची जबाबदारी एका रकमेपुरती मर्यादित करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते आणि ती घेण्यासारखी आहे. पण वेगमर्यादा ओलांडली, नोंद नसलेल्या माणसाने चालवली, अपघात लगेच कळवला नाही, यांतलं काही झालं की ती मर्यादा उडते. ‘घाटात भावाने चालवली’ एवढंही पुरतं. जीपीएस सगळं सांगतो.

पैसे कार्डावरून किंवा डिपॉझिटमधून परस्पर कापले जातात आणि मग तुम्ही चॅटवर कुणाशी तरी इंग्रजीत भांडत बसता. समोर माणूस नाही, हा या पर्यायाचा तोटाही आणि गुणही. ज्याला तोंडावर भांडता येत नाही पण ईमेल चिकाटीने लिहिता येतात, त्याला हेच बरं. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर चुकीच्या कपातीवर बँकेकडे तक्रार करता येते.

यलो बोर्ड, ड्रायव्हरसकट

बंपर, टायर, घाटातला दगड, कशाशी तुमचा संबंध नाही. वाद होतो तो किलोमीटरच्या किमान आकड्याचा, ड्रायव्हरच्या भत्त्याचा, रात्रीच्या मुक्कामाचा. कोगनोळीचा किंवा हत्तरगीचा टोल कोणाचा, हेही ठरवून घ्या. तुमच्या अंगावर येऊ शकतं ते तुमच्या हातून झालेलं: सीटवर झालेली उलटी, न बघता उघडलेल्या दाराने पाडलेला दुचाकीस्वार, आणि लग्नाच्या गाडीवर फुलं चिकटवलेली टेप. टेप काढताना रंग निघतो. सजावट रिबीन बांधून करा.

कोणी काय घ्यावं

जून ते सप्टेंबरमध्ये चोर्ला किंवा अनमोडवरून गोवा असेल तर ड्रायव्हरसकट, दुसरा विचार नको. लग्नालाही तेच. उरलेल्या दिवसांत कोल्हापूर, पंढरपूर अशा सरळ रस्त्याला गावातल्या भाडेवाल्याची काळ्या बोर्डाची गाडी, वरच्या अटी लिहून. अनोळखी गावात उतरून गाडी हवी असेल तर ॲप.

सीमाभागात सगळ्यांनाच लागू असलेली एक बाब: तासा-दोन तासांत आपण तीन राज्यांत फिरतो. अनेक करारांत ‘राज्याबाहेर नेण्यास पूर्वपरवानगी’ असं कलम असतं. सावंतवाडीला निघालेला माणूस चंदगडच्या वाटेला लागला की महाराष्ट्रात शिरतो, त्याला तो गावातलाच रस्ता वाटतो. अपघात नेमका तिथं झाला की ते कलम पुढे येतं. जाणार त्या राज्यांची नावं करारात घालून घ्या.

डिपॉझिट अडकलंच तर आधी पंधरा दिवसांची लेखी मागणी पाठवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही नाही मिळालं तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेलं भाडं पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे बेळगावात गाडी घेतलेल्या चंदगडच्या माणसाला कोल्हापूरच्या आयोगात जाता येतं, आणि कोल्हापुरात गाडी घेतलेल्या निपाणीकराला बेळगावच्या.