येझदी, आरएक्स, इम्पल्स की हिमालयन: बेळगाव भागात जुनी ऑफ-रोड गाडी घेताना

'व्हिंटेज', 'रेअर', 'ऑफ-रोड मॉडिफाइड' असले शब्द लावून हल्ली कुठलीही जुनी गाडी विकायला काढतात. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात मात्र फिरून फिरून चारच नावं समोर येतात: येझदी रोडकिंग, यामाहा आरएक्स 100, हिरोची इम्पल्स आणि रॉयल एनफिल्डची 411 सीसीवाली हिमालयन. माझं मत आधीच सांगून टाकतो. रानावनात फिरायला हवी असेल तर इम्पल्स, हौसेखातर हवी असेल तर येझदी. आरएक्सला आज जो भाव मागतात, तो चिखलात घालण्यासाठी कुणी देऊ नये. हिमालयन वाईट नाही, पण तिला उचलणारा माणूस सोबत हवा.

गाडी कुठल्या मातीत चालवणार, हे आधी ठरवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जांभा आणि लाल माती. पावसाळ्यात वर शेवाळ धरतं, चाक घसरतं, पण अडकत नाही. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडं काळी माती. एक सर पडून गेली की ती टायरला थराथरानं चिकटते आणि मडगार्ड टायरला लागून असेल तर पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मग काठी घ्या आणि खरवडत बसा. रोडकिंग आणि आरएक्स, दोन्हींचे मडगार्ड असेच खाली, टायरवर बसलेले. इम्पल्सचं पुढचं मडगार्ड उंच, चाकापासून लांब. फोटोत ती नुसती स्टाइल वाटते, काळ्या रानात तिची किंमत कळते.

इम्पल्स 2011 साली आली. 149 सीसी, साधारण 13 पीएस, वजन 134 किलो, पोटाखाली 245 मिलिमीटर मोकळी जागा, पुढं 19 इंची चाक. ब्राझीलमध्ये होंडाची एनएक्सआर 150 ब्रॉस म्हणून जी गाडी चालायची, तिचंच हे भावंड. आपल्याकडं ती खपली नाही, काही वर्षांत बंद झाली आणि म्हणूनच आज ती आरएक्सपेक्षा स्वस्तात मिळते. लोकांना वाटतं, बंद पडलेलं मॉडेल म्हणजे पार्टचे हाल. ते अर्धंच खरं. इंजिन सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंकच्या घराण्यातलं, त्यामुळं पिस्टन, रिंग, क्लच प्लेटसाठी रडावं लागत नाही. हाल होतात ते हेडलाइटच्या मास्कचे, टाकीच्या बाजूच्या प्लॅस्टिकचे आणि मागच्या मोनोशॉकचे, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकॲब्सॉर्बरचे. म्हणून बघायला गेलात की इंजिनाचा आवाज ऐकत बसण्याआधी प्लॅस्टिक शाबूत आहे का बघा, मग सीटवर जोरात बसून उठा. मागचा भाग दोनतीनदा डुलला तर शॉक गेला समजा आणि तेवढे पैसे भावातून उतरवून घ्या. ताकद कमी आहे, हे मान्य. दोघं बसून चोर्ला घाट चढताना गिअर खाली टाकत राहावं लागतं.

येझदीची गोष्ट वेगळी, कारण ती इथलीच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून गाड्या निघू लागल्या, 1973 पासून येझदी हे नाव लागलं, रोडकिंग 1978 मध्ये आली आणि 1996 ला कारखानाच बंद पडला. 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि जो गिअरचा दांडा तोच किकचा. नवख्याला हे दाखवून द्यावं लागतं: दांडा आत दाबायचा, वर फिरवायचा आणि मग किक मारायची. विकणाऱ्याला सांगा, इंजिन थंड ठेव, मी आल्यावर चालू करू. आधीच तापवून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचं आहे. चालू झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन आपोआप चढत राहिलं तर क्रँकचं सील गेलेलं असू शकतं. तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि एखाद्या लांबच्या चढावर पिस्टन धरतं, म्हणजे तापून जाम होतं. दुरुस्ती होत नाही असं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोअर मारून, लेथवर बुश टर्न करून देणारे असताना बेळगावकराला येझदीची भीती नको. 2022 साली येझदी नावानं पुन्हा आलेल्या गाड्या मात्र पूर्णपणे वेगळ्या. त्यांचे पार्ट जुनीला लागत नाहीत, कुणी तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या.

आरएक्स 100 बद्दल बोललं की भांडणं होतात. 1985 ते 1996 मधली 98 सीसीची गाडी, 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. उडते, यात वाद नाही. नीट केलेल्या गाडीला लाखाच्या पुढं मागतात आणि देणारे देतातही. पण तिचा सस्पेन्शनचा प्रवास तोकडा, टायर बारीक, आणि 'ऑफ-रोड मॉडिफाइड' म्हणजे बहुतेक वेळा उंच हँडल, नॉबी (उंच गुट्ट्यांचे) टायर आणि कापलेलं मडगार्ड, बाकी काही नाही. वर एक धोका: भाव चढल्यापासून आरएक्स 135 च्या चेसिसवर शंभरचे स्टिकर लावून विकण्याचे उद्योग होतात. चेसिस नंबर बोटानं चाचपून बघा. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे लागले पाहिजेत. तिथं पुटी किंवा ताजा रंग दिसला की चहा पिऊन परत या.

हिमालयन 411 विषयी थोडक्यात. 2016 ला कार्ब्युरेटरवर आली, 2017 पासून फ्यूएल इंजेक्शन. 15 लिटरची टाकी, पुढं 21 इंची चाक, 800 मिलिमीटर सीट, त्यामुळं बुटक्या माणसाचेही पाय टेकतात. बेळगावहून हिमाचलातल्या स्पितीला जायचं स्वप्न असेल तर हीच. पण पेट्रोलसकट वजन 190 किलोच्या घरात जातं. आमगावच्या वाटेवर एकटे असताना चिखलात आडवी झाली तर वाट बघण्यापलीकडं काही हातात नसतं. शक्यतो इंजेक्शनवाली घ्या. आणि इम्पल्स शोधून दमलात तर 2019 नंतरची हिरोचीच एक्सपल्स 200 बघा. जुनेपणाची मजा नाही, काम मात्र त्याहून चांगलं.

आता पेट्रोल. पंपावर सध्या 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या इथेनॉलमागं आपल्याच जिल्ह्यातला ऊसही असेल, पण येझदी-आरएक्सच्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या सीलना त्याची सवय नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. पावसाळाभर गोठ्यात उभी राहिलेल्या गाडीच्या टाकीत मोबाईलचा टॉर्च मारा. तळाला चहाच्या रंगाचा थर दिसला तर टाकी आतून सोलत आली आहे, आणि तो गंज पुढं कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाणार. नळ्या, पेट्रोल कॉक, सील बदलायचा खर्च भावात धरूनच बोला.

सीमाभागात खरी गाडी अडते ती कागदांवर. एमएच-09 ची गाडी स्वस्त वाटते, पण ती कायमची इकडं वापरणार असाल तर कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी आणायची, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा आणि कर्नाटकचा आजीवन कर भरायचा. कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला वेगळा. हे सगळं मिळवल्यावर केए-22 (बेळगाव) किंवा केए-23 (चिकोडी) ची थोडी महाग गाडीच परवडते. 15 वर्षांवरच्या गाडीची आरसी नूतनीकरण झाली आहे का, हे सहीआधी बघा. मूळ मालक वारलेला आणि वारसांच्या नावावर गाडी झालेलीच नाही, अशा येझदी खेड्यापाड्यांत बऱ्याच आहेत. फक्त जुन्या विम्याच्या कागदावर व्यवहार करू नका.

'व्हिंटेज'चंही एक स्पष्ट करतो. 2021 च्या केंद्रीय नियमात त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोज रस्त्यावर वापरायची परवानगी नाही. पहिल्या सालची रोडकिंगसुद्धा 2028 च्या आधी त्यात बसत नाही. साठीच्या दशकातली जावा बसते, पण तिला जांबोटीच्या चिखलात कोण घालणार?

चमत्कारिक म्हणून एनफिल्डची डिझेल टॉरसही कधीतरी दिसते. 325 सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. ॲव्हरेजला भुलून जाऊ नका, चढावर हाल आहेत. ट्रॅकवरच्या कावासाकी केएलएक्स 140 सारख्या गाड्यांना आरसीच नसते, त्या टेम्पोतून न्यायच्या. आणि कुठलीही घेतलीत तरी भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय चाक घालू नका, वनखातं गाडी जप्त करतं.

बघायला जायचं तर जुलै-ऑगस्टात जा. पावसात वायरिंगचे दोष लपत नाहीत, आणि उन्हाळ्यात जो माणूस दोन हजारानं हटत नव्हता तो तेव्हा बोलायला तयार असतो.