चार ब्लेडांचं काम, साडेअकरा हजारांचं बिल

कन्नड घाटात गाडी धापा टाकायला लागली, तिथून हे सुरू झालं. गाडी वडिलांची, येझदी मोटरसायकल, दोन सायलेन्सरवाली. चाळीसगावपर्यंत ठीक होती. घाटात दुसऱ्या गिअरवरही ओढेना आणि वर पोचेपर्यंत इंजिन इतकं तापलं की मांडी भाजली. दत्तजयंतीला तिच्यावरून सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचं ठरलं होतं. दिवस थोडे होते आणि ते मी स्वतःच्या तोंडाने मिस्त्रीला सांगून बसलो.

मिस्त्रीचं नाव-गाव लिहीत नाही. त्याने काय केलं ते मात्र नीट लिहितो, कारण जे केलं ते माझ्या डोळ्यांदेखत केलं.

आधी ‘प्लग बघतो’ म्हणून प्लग काढला, पुसला, परत लावला. मग किक हाताने दाबून दाखवली. लोण्यात सुरी जावी तशी किक खाली गेली. “बोअर बसलं, दादा.” म्हणजे सिलिंडर आतून झिजलं. प्लग त्याने दोन आटे फिरवून तसाच ढिला सोडला होता, हे माझ्या ध्यानात आलं महिन्याने. ढिल्या प्लगच्या कडेने दाब निसटतो, फुसफुसही होते. पण शेजारी ग्राइंडर चालू होता.

नंतर उजवीकडचं झाकण काढलं, पॉइंटच्या, म्हणजे उघडताना प्लगला ठिणगी देणाऱ्या जोडीच्या, प्लेटचे स्क्रू जरासे सैल करून परत आवळले आणि म्हणाला, चक्कर मारून या. गाडी आधीपेक्षा मरगळलेली. “बघा, क्रँक गेला.” क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. वर आणखी खात्री म्हणून सिलिंडर उतरवलं आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड डावी-उजवीकडे हलवून दाखवला. हलला की! तो तेवढा हलतोच. बाजूला थोडी जागा मुद्दामच ठेवलेली असते. रॉड वर-खाली खेचल्यावर खटखट लागली तर क्रँक गेला म्हणायचं. ते त्याने केलंच नाही आणि मला विचारायची अक्कल नव्हती.

बिल झालं ११,५०० रुपये. कागदावर बोअर, ०.७५ चा (मूळ मापाहून ०.७५ मिलिमीटर मोठा) पिस्टन, क्रँकचं काम, तेल, मजुरी. पॉइंटचा उल्लेख नाही. गाडी मात्र पळाली, झकास पळाली, त्यामुळे मी वर त्याला चहा पाजला.

सारंगखेड्याला पोचलो, घोडे बघितले, भजी खाल्ली. परतताना दोंडाईचा ओलांडून थोडं पुढे आलो तर पुन्हा तीच रड: ओढ नाही, इंजिन तापलेलं, मग बंदच. ढकलत एका पत्र्याच्या शेडपाशी आणली. आत एक म्हातारे मिस्त्री, नाकावर चष्मा. मी क्रँकपासूनची सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि पहिल्यांदा उजवीकडचं झाकण काढलं.

पॉइंट जेमतेम उघडत होते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजून गेली होती. नकली सेट, महिन्याभरातच खलास. येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तेव्हापासून जुना अस्सल सेट सापडला तर लोक जपून ठेवतात. माझ्या गाडीत तो होता. आता नव्हता.

टाच झिजली की गॅप, म्हणजे उघड्या पॉइंटमधली फट, कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग ओढ जाते आणि इंजिन तापतं. घाटात झालं ते एवढंच. प्लेट सरकवली की हाच आजार मिनिटभरात मुद्दाम लावताही येतो. उलट ठिणगी फार लवकर पडली तर किक उलटी मारते आणि पिस्टन जळायची भीती.

त्यांनी डब्यातून दाढीची चार ब्लेड काढली. एक ब्लेड ०.१ मिलिमीटर, चार मिळून ०.४. पॉइंट पूर्ण उघडतात तिथे ती अलगद सरकतील असा गॅप बांधला. गॅप आधी, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ नंतर. कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं. मग पॉइंटच्या तारेला आणि बॉडीला छोटा बल्ब लावला, चावी चालू केली. पॉइंट मिटलेले असले की बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. प्लगच्या भोकातून सळई सोडून पिस्टन वरच्या टोकाच्या किती आधी आहे ते मोजायचं आणि मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या मिलिमीटरवर बल्ब पेटेल अशी प्लेट बसवायची. कंडेन्सरही बदलला, तो बिघडला की पॉइंटवर ठिणग्या उडून ते काळे पडतात.

गाडी पहिल्या किकला चालू.

मी तरी म्हणालो, “काका, पण बोअर, क्रँक?” त्यांनी भोकातून टॉर्च मारून मला बघायला लावलं. पिस्टनच्या डोक्यावर काजळीची जाड खपली. महिन्याभराच्या पिस्टनवर एवढी बसत नाही. मी अडून बसलो म्हणून त्यांनी हेडही काढलं, खपली खरवडली. खाली नंबर निघाला ०.५०. वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी टाकलेला तोच पिस्टन.

“गाडी चांगली शे भाऊ. तुम्हीच फसनात.”

पैसे घेतले साडेतीनशे. मी पाचशे दिले तर उरलेले परत खिशात कोंबले.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन पहिल्याकडे गेलो. आधी हसला, मग आवाज चढवला, मग म्हणे पिस्टनवर नंबर चुकीचा छापून येतो. मी जुना पिस्टन आणि क्रँकचे काढलेले पार्ट मागितले. ते भंगारवाला घेऊन गेला म्हणे. खूप वाद घातल्यावर चार हजार परत मिळाले. पॉइंटचा जुना सेट मात्र शेवटपर्यंत दिला नाही. काउंटरमागच्या फळीवर काचेच्या बरणीत तसलेच तीन-चार सेट ठेवले होते. त्यातला माझा कोणता, हे मला ओळखता येईना.