पिकअपला प्लाऊ (बर्फ ढकलायचं ब्लेड) लावून अख्खा हिवाळा काढला, आता सांगतो कसा वाटला

पहिल्या बर्फानंतर सगळ्यांनाच प्लाऊ भारी वाटतो, म्हणून मुद्दाम सीझन संपेपर्यंत थांबलो. साडेसात फुटी सरळ स्टीलचं ब्लेड आहे, ड्राइव्हवे लांब आणि अर्धा खडीचा.

काम झटक्यात होतं, त्यात वादच नाही. पण बर्फ ढकलणं सोपंय हो, तो ठेवायचा कुठे हीच खरी डोकेदुखी. सुरुवातीलाच कडेच्या चार-पाच फूट पलीकडे नेऊन टाकायचा, नाहीतर कडेचा ढीग गोठून दगड होतो, मग ब्लेड त्याला हलवत नाही आणि ड्राइव्हवे दर बर्फाला थोडा थोडा अरुंद होत जातो. कडेच्या खुणेच्या काठ्याही जमीन गोठायच्या आधीच ठोका, नंतर आत जात नाहीत. गॅरेजच्या दारासमोरचा बर्फ ब्लेड खाली टेकवून रिव्हर्समध्ये ओढून घ्यायचा. आणि सरकारी प्लाऊ जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध घालून जातो ना, तो सगळ्यात चिवट, एका दमात अंगावर घेऊ नका, कोपऱ्यातून थोडा थोडा खा. रस्त्यापलीकडे मात्र ढकलू नका, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे.

ताजा कोरडा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो असतो, ओला झाला की 300 च्या वरही जातो. म्हणून "थांबल्यावर एकदाच काढू" हे ओल्या बर्फाला चालत नाही, पडत असतानाच मधेमधे फेरी मारावी लागते, मग रात्रीची झोप गेली तरी.

ट्रकचे हाल होतात हे कोणी आधी सांगत नाही. एवढं वजन पुढे लटकतं, त्यामुळे पुढच्या अॅक्सलची क्षमता दाराजवळच्या स्टिकरवर बघूनच ब्लेड निवडा, आणि मागच्या अॅक्सलच्या मागे वाळूची पोती टाका, नाहीतर मागची चाकं नुसती फिरतात. डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबवा, गिअरबॉक्स इथेच मरतात. ब्लेड वर उचलून मोठ्या रस्त्याने गेलं की रेडिएटरची हवा अडते आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागतो, ब्लेड तिरकं करून थोडं खाली घेतलं की उतरतो. ब्लेड उचलणारा हायड्रॉलिक पंप करंट खूप खातो, हीटर, दिवे, पंप सगळं एकदम चालू असलं की जुन्या बॅटरीचा जीव जातो, माझी बदलावी लागली. प्लाऊच्या वायरच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत जाऊ न देणारं) भरा.

लपलेल्या दगडाला धडकलं की स्प्रिंगमुळे ब्लेड पुढे दुमडतं आणि वाचतं, पण दणका असा बसतो की बेल्ट लावलेला बरा. (शेजारी बसलेल्याने सुद्धा!) खडीवर शूज (ब्लेडला जमिनीपासून वर धरणारे पाय) खाली करून इंचभर बर्फ राहू द्यायचा, तो दाबून गोठला की पुढे खडी उडत नाही. कंट्रोलरवर फ्लोट असतो तो वापरा, ब्लेड जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होतं.

माझी तक्रार एकच, कंट्रोलरची बटणं कडाक्याच्या थंडीत अडकतात, त्याला पाच स्टार देणार नाही.

दोन गाड्यांपुरता छोटा ड्राइव्हवे असेल तर या भानगडीत पडू नका, स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं मशीन) पुरे.

आता प्लाऊ काढून ठेवलाय, ब्लेड हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या उघड्या दांड्यांना ग्रीस फासून. कटिंग एज (ब्लेडच्या खालची खरवडणारी पट्टी) झिजलीय, पुढच्या सीझनआधी बदलणार, रबरी घ्यावी का असा विचार होता पण दाबून बसलेला बर्फ रबर नीट खरवडत नाही, त्यामुळे स्टीलच.