क्राऊन-पिनियन तेच, बदलला फक्त मीटर: 98,300 रुपये गेले

मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो बदलून देतो, हायवेला स्पीड वाढेल, डिझेल वाचेल, असं सांगणारे ट्रकवाल्यांना नवीन नाहीत. आम्हालाही नव्हते. तरी 98,300 रुपये गेले. अडाणीपणामुळे गेले असं कुणी म्हणू नये. हिशोब आम्ही स्वतः मांडला होता आणि तो बरोबर होता, म्हणूनच राग जास्त आहे.

गाडी दहा चाकी, सहा गिअरची, टॉप गिअर डायरेक्ट म्हणजे 1:1, मागे ओढणारा ॲक्सल एकच, टायर 10.00 आर 20. क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, 6/41 दातांची, म्हणजे रेशो 41 भागिले 6, 6.83. भरलेल्या गाडीचं चाक एका फेऱ्यात 3.20 मीटर जातं. हा आकडा तक्त्यातून घेऊ नका, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी एक फेरा पुढे घ्या आणि टेप लावा. मग आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गुणिले 3.20 गुणिले 60, भागिले 1000, भागिले रेशो, की ताशी किलोमीटर मिळतात. 1800 आरपीएमला 50.6 येतात, पूर्ण रेटून 2500 ला 70. 7/41 घातलं की रेशो 5.86 होतो आणि त्याच 1800 ला 59 मिळतात. चौपदरी रस्त्यावर रोज आठ-आठ तास चालणाऱ्या गाडीसाठी हा फरक मोठा आहे. टायर मोठे घालून एवढं साधत नाही. 10.00 वरून 11.00 वर गेलात तर जेमतेम 3 टक्के, म्हणजे 50 चे साडेएक्कावन्न, आणि टायर घासून गोटा झाला की तेही जवळजवळ परत जातात.

तर मागणी चुकीची नव्हती. गॅरेजवाल्याने बिल दिलं ते असं: क्राऊन-पिनियन सेट 58,000, बेअरिंग आणि सील 17,400, 16 लिटर ऑइल 6,400, मजुरी 12,000, मीटर सेटिंग 4,500. 60,000 आधी, 38,300 गाडी घेताना. बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल घेतलं तर टॅक्स वर लागेल म्हणाला आणि आम्ही मान्य केलं. ही चूक आमची, ती कबूल.

पण मीटर सेटिंगच्या ओळीवर कुणालाच संशय आला नसता. स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाला असतो, तो जॉइंटचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. रेशो खरोखर बदलला तर मीटर नव्याने सेट करावाच लागतो, नाहीतर तो कमी दाखवतो. त्याने नेमकं तेवढंच काम केलं. हाउसिंगला, म्हणजे ही जोडी बसते त्या मागच्या ॲक्सलच्या डब्याला हात लावला नाही, मीटरला मात्र 5.86 चा हिशोब भरला. 6.83 भागिले 5.86 म्हणजे सातास सहा. त्यामुळे 1800 आरपीएमला काटा 59 वर आणि खरा वेग 50.6. स्पीडबरोबर किलोमीटरही तेवढेच फुगतात, हे जास्त घातक. 4.2 चं ॲव्हरेज वहीत 4.9 दिसायला लागलं. पैसे वसूल होतायत असं वाटत राहिलं, दीड महिना.

आता जिथे कळायला हवं होतं ते सांगतो. पहिल्याच फेरीला गाडी पुण्याहून साताऱ्याकडे खंबाटकी घाट चढत होती. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, चढाला काहीच फरक नाही, पहिल्यासारखीच ओढते." आम्ही खूश झालो! अरे, फरक पडायलाच हवा होता. रेशो 6.83 चा 5.86 झाला की चाकावरची ओढ सातव्या हिश्श्याने कमी होते. त्याच मालाला, त्याच चढाला एक गिअर खाली टाकावा लागतो, नाहीतर आरपीएम पडतात, आणि भरलेली गाडी जागेवरून उचलताना क्लच जास्त घासतो. चढाला जुनाच गिअर पुरतोय याचा एकच अर्थ, रेशो बदललेला नाही. हे आम्हाला माहीत होतं. त्याच आठवड्यात कागदावर लिहिलेलं होतं. तरी त्या क्षणी दोन आणि दोन जोडले नाहीत, आणि आजही झोपताना तो फोन आठवतो.

पुढे वहीत ॲव्हरेज 4.9, पण त्याच फेरीला पंपाची बिलं पूर्वीएवढीच. आधी शंका ड्रायव्हरवर गेली, त्याला नको ते बोललो, त्याची माफी मागितली आहे. मग रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर लक्ष ठेवलं. 12 किलोमीटरच्या अंतराला मीटर 14 पळाला. मोबाइलचा जीपीएस 51 म्हणत होता तेव्हा काटा 59 वर होता.

खात्री करायला हाउसिंग उघडायची गरज नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, ब्रेकच्या टाकीत हवा भरून पार्किंग ब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल, मागचं एकच बाजूचं चाक जॅकवर. चाकावर आणि जॉइंटवर खडूची खूण. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि जॉइंटचे फेरे मोजा. सातला जरा कमी आले तर 6/41, सहाला जरा कमी आले तर 7/41. दोन फेरे यासाठी की दुसरं चाक जमिनीवर स्थिर असतं, म्हणून उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊन एकच फेरा फिरतं. दहा मिनिटांचं काम, आणि गॅरेजच्या दारात, उरलेले पैसे देण्याआधी करायचं काम. आम्ही ते दीड महिन्याने केलं. पावणेसात आले.

मग दुसऱ्या फिटरकडे 2,200 देऊन हाउसिंग उघडलं. वर डिझेल मारून धुतलेलं होतं, पण नटांच्या कडेला जुना मातीचा थर तसाच, पान्याची एक ताजी खूण नाही. आत तीच जुनी जोडी, 6/41 कोरलेली. जुना माल परत मागितला असता तर तिथेच उघडं पडलं असतं. खरी जोडी बदलली तर क्राऊनवर आणि पिनियनवर एकच जोड नंबर असतो, तो बसवण्याआधी फोटोत घ्या. आणि 7/41 वर 90 देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. 2500 ला 82 च्या वर ती जात नाही, आणि मालगाडीला चौपदरीवरही मर्यादा 80 चीच आहे.

गॅरेजवाला म्हणाला, माझ्याकडून गेल्यावर तुम्हीच बदललं असेल. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. काम न करता कामाचे पैसे घेतले, मीटर खोटा केला, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं तर म्हणाले, कायदा आम्हाला शिकवू नका. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पोच शिक्का मारून दिली, गुन्हा नोंदला नाही. आरटीओत गेलो तर गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही, पण रेशो बदलायची परवानगी घेतली होती का, मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांचं कलम 52 वाचलंय का, असं आम्हालाच विचारलं. मीटर वाकडा करून देणाऱ्याला विचारायला कुणी नाही, फसलेल्याला नोटीस द्यायला सगळे तयार. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर म्हणाले, ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धवट आहे. 2019 च्या कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, उदरनिर्वाहापुरती घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. एकच गाडी असेल तर हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. पोलिसांनी नाही नोंदवलं तर अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जा. पोच मात्र प्रत्येक ठिकाणी घ्या, तोंडी नकाराला कोर्टात किंमत नाही.

आमचा अर्ज दाखल झाला आहे. कच्चं बिल, 38,300 च्या यूपीआयचा पुरावा, दगडांचे फोटो, जुन्या जोडीवरच्या आकड्यांचा फोटो जोडला. 60,000 रोख दिले होते, त्यांची पावती नाही. मीटर परत 6.83 ला आणायला 3,000 लागले, आणि त्यात 7,800 किलोमीटरच्या जागी 9,100 नोंदले गेलेत ते तसेच राहिले आहेत.