60 आणि सेन्सर, की सरळ 75?

पेसमेकर बसला, टाके सुकले, तरी जिना चढताना धाप लागतेच. अशा वेळी डॉक्टर साधारण दोन वाटा सांगतात. एक म्हणजे खालचा आकडा (मिनिटाला ज्याच्या खाली मशीन ठोके जाऊ देत नाही तो) 60 वरच ठेवायचा आणि हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर चालू करायचा. दुसरी म्हणजे सेन्सर बंद करून खालचा आकडाच 75 च्या आसपास नेऊन ठेवायचा. मी दोन्ही करून पाहिलंय, पहिलं आठ महिने आणि दुसरं गेलं दीड वर्ष.

पण ही निवड माझ्या जातकुळीच्या रुग्णांची आहे. माझं पंपिंग उत्तम, ईएफ (दर ठोक्याला खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा) 60. हृदय मात्र ताठर झालंय, त्यामुळे दम लागतो, पाय सुजतात. शिवाय माझं मशीन बहुतेक वेळ हृदयाच्या वरच्याच कप्प्याला टोचतं, म्हणजे विजेचा बारीक इशारा देऊन ठोका पाडतं, खालचा कप्पा आपला आपण चालतो. ज्यांचं पंपिंगच कमी आहे किंवा ज्यांच्या उजव्या खालच्या कप्प्याला सतत टोचणी लागते, त्यांनी माझं ऐकून आकडा वाढवायला जाऊ नये. 2002 साली अमेरिकेत डेव्हिड नावाच्या चाचणीत 40 किंवा त्याहून कमी ईएफ असलेले 506 रुग्ण होते. ज्यांचं यंत्र 70 वर चालवलं, त्यांची गत, ज्यांचं यंत्र ठोके 40 च्या खाली गेले तरच टोचायला नुसतं राखीला ठेवलं होतं, त्यांच्यापेक्षा वाईट झाली. उजव्या बाजूने सतत टोचल्याचा तो परिणाम मानतात. तेव्हा पहिला प्रश्न आकड्याचा नाहीच, तुमचा कुठला कप्पा किती टक्के टोचला जातो हा आहे. तपासणीच्या कागदावर ते छापलेलं असतं, मागून घ्या.

आता सेन्सर. कागदावर तोच शहाणा वाटतो. बसलात की 60, चाललात की वाढ. सपाट रस्त्यावर सकाळी फिरताना माझी त्याच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

घोटाळा केला तो रिक्षाने. आमच्याकडचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला होता. मी मागे बसलेलो, मांडीवर मंडईतली पिशवी, अंगाला काही म्हणता काही कष्ट नाहीत, आणि छातीत धडधड सुरू. कोविडपासून ऑक्सिमीटर खिशात ठेवायची सवय आहे. बोट घातलं तर नाडी 104. घरी पोचलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कठडा धरून सावकाश चढलो, दुसऱ्या मजल्यावर भात्यासारखी छाती करून थांबलो, पुन्हा बोट घातलं तर 68! संध्याकाळी दूध आणायला टाचा आपटत खाली उतरलो, तेव्हा 92. म्हणजे चढताना उपास आणि उतरताना मेजवानी.

यात बिघाड काही नव्हता. माझ्या मशीनमधल्या सेन्सरला धक्के कळतात, कष्ट कळत नाहीत. तपासणीला गेलो की तो तरुण टेक्निशियन छातीवर कांडी ठेवून म्हणायचा, "काका, जरा कमी करून बघू." कमी केलं की रिक्षात शांत, पण जिन्यावर जेमतेम 62. वाढवलं की कुशीवर वळलो तरी गाडी सुटायची. तीन खेपा झाल्या. श्वासावरून अंदाज घेणारे सेन्सरही काही मशीनमध्ये असतात. तुमच्यात तसला असेल तर माझी निम्मी तक्रार बाद समजा.

तरी 2023 चा रॅपिड-एचएफ हा अभ्यास वाचून माझं मन अधिकच उडालं. त्यात माझ्यासारख्याच ताठर हृदयाच्या, व्यायामात ठोके न वाढणाऱ्या 29 जणांना पेसमेकर बसवून सेन्सर कधी चालू, कधी बंद ठेवला. ठोके वाढले, व्यायामाची ताकद वाढली नाही, कारण दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त तेवढं कमी झालं. अर्थात तिथे तुलना 75 शी नव्हती, हेही खरं.

75 ची बाजू मांडणारी मायपेस चाचणी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली, तीही 2023 चीच. 107 रुग्ण होते, निम्म्यांना नेहमीचे 60, बाकीच्यांना उंची वगैरे पाहून ठरवलेला आकडा, साधारण 75. वर्षभरात दुसऱ्या गटाला बरं वाटलं, हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्तातल्या एका द्रव्याचं प्रमाण उतरलं, हालचाल वाढली. ताठर पिशवीत दर वेळी थोडं कमी भरलं की आतला दाब उतरतो, असा त्यामागचा विचार. बहुतेक पेसमेकर 60 वर लावूनच येतात आणि तिथेच राहतात, यापलीकडे 60 मध्ये काही पवित्र आहे असं मला वाटत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मोज्याच्या इलॅस्टिकचा वण. पूर्वी संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर बोट बसेल एवढी खाच पडायची आणि रात्री निजेपर्यंत तशीच असायची. 75 झाल्यावर महिनाभरात ती जेवायच्या आत बुजायला लागली. लघवीची गोळी तेवढीच होती. जिन्यात दोनदा थांबायचो, आता एकदा. मात्र व्हरमाँटच्या रुग्णांना आपला आकडा माहीत नव्हता, मला होता. तेवढं वजा करून घ्या.

75 फुकट मिळत नाही. पहिले दहा दिवस डाव्या कुशीवर झोपलो की उशीत ढोल वाजायचा. बॅटरीचा अंदाज वर्षभराने खाली आला. छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांना हा वेग परवडेलच असं नाही, ते डॉक्टरांनीच ठरवावं. उशीतल्या ढोलावर उपाय निघाला. रात्री 11 ते पहाटे 5 आकडा 60 वर उतरेल असं मशीनमध्ये लावता येतं, ते लावून घेतलं.

त्याची गंमत उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला गेल्यावर कळली. नातीला घेऊन रोज दुपारी बागेत जायचो आणि चार पावलांत पाय जड व्हायचे. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तुमच्या मशीनला अजून पुण्याचीच रात्र आहे." खरंच, तिथले दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसात म्हणजे मशीनची झोपायची वेळ. मग बाग सकाळी सुरू केली. पुढच्या वेळी निघण्याआधी रात्रीचा आकडा बंद करून घेणार आहे, 75 मात्र ठेवणार.