ओपनरिराइट : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला आणि म्हापशातील एका हॉटेलातून तक्रार आली, की आरक्षण क्रमांक चुकला तर 'असे आरक्षण नाही' या नेहमीच्या सूचनेऐवजी पडद्यावर 'अज्ञात त्रुटी' दिसते. पावसाळ्यात ओपनरिराइट हे कोड आपोआप बदलणारे साधन चालवून आम्ही ही आरक्षण प्रणाली स्प्रिंग बूट या जावाच्या सांगाड्याच्या २.७ आवृत्तीवरून ३ वर नेली होती, त्यामुळे माझा संशय प्रथम त्या साधनावरच गेला.

स्थलांतर टाळण्यासारखे नव्हते. २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला होता. ओरॅकलने जावा ईई (व्यावसायिक प्रणालींसाठीचा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेला दिले, पण 'जावाएक्स' नावाच्या पॅकेजांत बदल करण्याचा हक्क दिला नाही, म्हणून सर्व्हलेट (वेब विनंत्या हाताळणारी) आणि पर्सिस्टन्स (डेटाबेसाशी बोलणारी) यांची पॅकेजे, म्हणजे कोडचे गट, 'जकार्ता' झाली. या व्यवहाराची हमाली आमच्या तीन माणसांच्या कार्यालयाने का करावी, हे मला अजूनही पटलेले नाही. बाहेरच्या सल्लागाराचे दरपत्रक पाहिल्यावर मात्र मोफत साधन शिकण्यात गेलेले दोन शनिवार फारच स्वस्त वाटले.

येथे 'शोधा आणि बदला' चालत नाही, कारण मूळ जावातले 'जावाएक्स.एसक्यूएल' जुन्याच नावाने राहते. ओपनरिराइट प्रत्येक नावाचा प्रकार ओळखून कोडचे झाड उभारते, म्हणून त्याला हा फरक कळतो. ते झाड माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपात मावेना, तेव्हा मी चिडून हे साधन काढूनच टाकणार होतो. पुढे प्रणालीचा एकेक भाग (मॉड्यूल) घेतला, ड्राय रनची, म्हणजे कोडला हात न लावता केलेल्या चाचणीची, पॅच फाइल (होणाऱ्या बदलांची यादी) उघडली आणि मत बदलले: आयातीच्या ओळी बदलल्या होत्या, पण माझे वाकडे समास आणि २०१६ सालची एक वैतागलेली टिप्पणी जशीच्या तशी होती. दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी न हलवता केर काढणारे साधन मी प्रथमच पाहिले.

मग 'अज्ञात त्रुटी' कुठून आली? आमच्याच डेटाबेसातून. कोणत्या एक्सेप्शनला (कोडमध्ये उद्भवणाऱ्या त्रुटीला) कोणती मराठी सूचना दाखवायची, याचा तक्ता तिथे होता आणि त्यात 'जावाएक्स.पर्सिस्टन्स.नोरिझल्टएक्सेप्शन' हे पूर्ण नाव अक्षरशः लिहिलेले होते. कोड 'जकार्ता'चा झाला, तक्ता मागेच राहिला. फक्त कोड वाचणाऱ्या साधनाला डेटाबेसातली ओळ दिसणार नाही, हे मला कळते; पॅचमधील जुनी नावे वेगळी काढून ती तक्त्यांत शोधणे हे माझेच काम होते, आणि आता प्रत्येक स्थलांतरानंतर मी ते करतो.

अशा अकरा ओळी निघाल्या. त्या एका अपडेट आज्ञेने सुधारल्या. हॉटेलने मात्र त्या दिवसाच्या भेटीचे शुल्क बिलातून वजा करायला लावले.